तिसरा खंड

भिंगकाकांकडे जपानी तलवारींवरची एकशे बारा पुस्तकं होती आणि तलवार एकही नव्हती. नवखा माणूस हे ऐकून हसायचा. तलवारी जमवणाऱ्यांच्या त्यांच्या मंडळातलं कोणी हसत नसे, कारण प्रत्येकाची तलवार कधी ना कधी काकांच्या भिंगाखालून गेलेली होती आणि काकांनी मान हलवली तरच तिला किंमत होती. तीस वर्षांत वीसेक तलवारी लोकांनी त्यांच्यापुढे आणून धरल्या, घ्या म्हणून गळ घातली, पण प्रत्येकीत काकांना काहीतरी खोट दिसली. विकत घ्यायची म्हणजे चुकायची तयारी लागते, आणि नेमकी तीच काकांच्या अंगात नव्हती. त्यामुळे घरात तलवार ठेवायची लाकडी घोडी होती, पण तिच्यावर काका हात पुसायचा टॉवेल वाळत घालत. पातं पुसायचा मऊ कागद होता, लवंगेच्या तेलाची बाटली होती, आणि मखमलीच्या पेटीत दोन त्सुबा होत्या, म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामध्ये बसते ती लोखंडी चकती. बाकी सगळी पुस्तकं. बायको गेल्यावर तिच्या कपाटातही पुस्तकंच शिरली.

नोकरीत असताना ते पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होते. चौतीस वर्षं नळांचे नकाशे काढले, एक रेघ वाकडी गेली नाही. कोश घेऊन बसून जपानी अक्षरं लावायला ते स्वतःच्या स्वतः शिकले, तेही त्याच चिकाटीने. एवढ्या सरळ माणसाच्या हातून पुढे जे झालं ते झालं कसं, याचं उत्तर एका शब्दात देता येतं. मिजास. ती मोठ्या आवाजाच्या माणसांतच असते असं थोडंच आहे!

मंडळ म्हणजे एकूण सात माणसं. रविवारी सकाळी दहाला सगळे काकांच्या थोरल्या बहिणीच्या घरी जमत, कारण तिथला हॉल मोठा होता आणि भाऊजींचं हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून ते बाहेर पडत नसत. पातं म्यानातून काढलं की बोलायचं नाही असा तिथला नियम. थुंकीचा बारीकसा थेंब उडाला तरी पोलादावर डाग पडतो, म्हणून बघणाऱ्याने कागदाची घडी दातांत धरायची. दुसऱ्याच्या हाती देताना धार आपल्याकडे ठेवायची. "सात बडबडे आणि सातांच्या तोंडाला बूच," असं म्हणत ताई चहाचा ट्रे घेऊन यायची आणि लांबच्या टेबलावर ठेवून जायची, कारण पात्याजवळ कपबशी आणली तर भावाचे डोळे केवढे होतात हे तिला माहीत होतं.

भाऊजी मालवाहू जहाजावर इंजिनीअर होते. तरुणपणी एका जपानी बंदरात त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी चाळीस दिवस अडकून पडलं. तिथे एका विधवा बाईंचा पाण्याचा पंप त्यांनी दुरुस्त करून दिला, मग छप्पर, मग शिवणयंत्र. निघताना बाईंनी घरातली तलवार त्यांच्या हातात ठेवली. मूल नाही, बाळ नाही, माझ्यानंतर ही भंगारात जाईल, त्यापेक्षा तुम्ही न्या, असं म्हणाल्या. आमच्या आजोबांनी एका नामांकित लोहाराकडून ती करवून घेतली होती, त्याच्या म्हातारपणी, असंही सांगितलं. भाऊजींनी परवान्यांसाठी खेटे घातले आणि ती घरी आणली. पुढे वर्षाला एक पत्र यायचं, कोणाकडून तरी इंग्रजीत लिहवून घेतलेलं, आणि भाऊजी त्याला उत्तर लिहायचे. तलवारीपेक्षा त्यांना त्या पत्रांचंच कौतुक जास्त होतं.

नऊ वर्षांपूर्वी तलवार जपानमधल्या परीक्षकांकडे पाठवायचं ठरलं. त्यांचं प्रमाणपत्र मिळालं की तलवारीचा वंश पक्का होतो. पण पात्यावरची लोहाराची सही खोटी निघाली तर ते तलवार तशीच परत पाठवतात, कितीही सुंदर असली तरी. म्हणून खोटी सही आधी कानशीने घासून काढून टाकायची आणि तलवार बिनसहीची म्हणून पाठवायची, असा या लोकांत रिवाज आहे. सही असते मुठीच्या आत जाणाऱ्या गंजक्या दांड्यावर, छिन्नीने कोरलेली. काकांनी बांबूची खुंटी काढली, मूठ उतरवली, दांड्यावर पातळ कागद ठेवून काळ्या शाईची वडी फिरवली आणि सहीचा ठसा घेतला. छिन्नी टेकते तिथे घाव रुंद असतो आणि सुटते तिथे निमुळता. लोहारांच्या सह्यांवरच्या ग्रंथाचे दोन खंड काकांकडे होते, त्यांत त्या लोहाराच्या अकरा सह्यांचे ठसे होते आणि अकराही सह्यांत शेवटचा उभा घाव वरून खाली गेलेला. भाऊजींच्या तलवारीवर तो खालून वर गेला होता.

"खोटी आहे," काका म्हणाले.

"नक्की?" भाऊजींनी विचारलं. "त्या बाई तर..."

"सगळी पुस्तकं पाहिली भाऊजी. एकात सुद्धा असा घाव नाही."

इथेच सगळं आलं. सगळी पुस्तकं पाहिलेली नव्हती. दुसऱ्या खंडात, एका पानाच्या अगदी तळाला, बारीक अक्षरांत एक टीप होती, की या लोहाराच्या अखेरच्या काळातल्या सह्यांसाठी तिसरा खंड पाहावा. काकांनी ती कोश घेऊन अक्षर अक्षर लावून वाचली होती. तिसरा खंड तीनशेच प्रती छापलेला, तो मिळवायला ते सहा वर्षं धडपडत होते. पण हॉलमध्ये सहा माणसं तोंडाकडे बघत होती, आणि 'एक पुस्तक माझ्याकडे नाही' हे सहा शब्दसुद्धा नसलेलं वाक्य काकांच्या जिभेवर आलं नाही.

पुढच्या महिन्यात सही काढणारा कारागीर घरी आला. खाली वर्तमानपत्र पसरून त्याने कानस चालवली आणि वीस मिनिटांत सही गेली. भाऊजींनी तो कागद स्वतः घडी करून, सांडू न देता, कचऱ्याच्या डब्यात टाकला. परीक्षकांनी तलवार चांगली, जुनी, पण कर्ता अज्ञात असं प्रमाणपत्र दिलं आणि सगळ्यांनी काकांची पाठ थोपटली. भाऊजी त्या दिवशी भर हॉलमध्ये म्हणाले, "म्हातारी पक्की लबाड निघाली. तिच्या घरचा कचरा माझ्या गळ्यात मारला आणि वर आजोबांची गोष्ट सांगितली." त्यानंतर पत्रं आली ती त्यांनी न फोडता फाडून टाकली. तीन वर्षांनी पत्रं यायची थांबली.

तर आता अलीकडचा एक बुधवार. दुपारी कुरिअरवाला एक चपटं पार्सल देऊन गेला. परगावचा एक संग्राहक वारला होता, त्याच्या मुलीने बापाची पुस्तकं ज्याला हवी त्याला वाटली होती, आणि त्यात काकांच्या वाट्याला तिसरा खंड आला होता, मागच्या पानांवर त्सुबांची चित्रं असलेला. काकांनी हात धुतले, कोरडे केले, टेबलावर स्वच्छ कापड घातलं आणि पुस्तक उघडलं. एखाद्याला नातू झाल्याचा आनंद व्हावा तसा त्यांना आनंद झाला होता, हे सांगितलंच पाहिजे. तो चाळिसाव्या पानापर्यंत टिकला.

चाळिसाव्या पानावर लिहिलं होतं की साठी उलटल्यावर या लोहाराचा उजवा हात लुळा पडला. पाती शिष्य घडवत, पण सही तो स्वतः करी, डाव्या हाताने, आणि शेवटचा घाव त्याला खालून वर मारावा लागे. खाली पाच ठसे छापले होते. पाचही उलटे.

काकांनी कपाटातून नऊ वर्षांपूर्वीचा आपला ठसा काढला आणि शेजारी ठेवला. भिंगाची गरजच नव्हती. तरी त्यांनी भिंग लावलं, मग खिडकीशी नेऊन पाहिलं, मग पुन्हा टेबलावर. ती सही आता जगात फक्त त्या कागदावर उरली होती. 

गुरुवारी पुस्तक पिशवीत घालून ते ताईकडे गेले. भाऊजींनी विचारलं, "काय रे, आज मध्येच?" काका म्हणाले, "सहज." दोघं गोळ्यांविषयी बोलले, शेजारच्या बांधकामाविषयी बोलले, आणि काका पिशवीसकट परत आले. शुक्रवारी तेच. भाऊजींचं हृदय नाजूक आहे, डॉक्टरांनी त्रास द्यायचा नाही म्हणून सांगितलंय, असं ते स्वतःला बजावत होते. डॉक्टरांनी खरंच तसं सांगितलं होतं. पण काकांचे पाय जिन्यात जड होत ते काही भाऊजींच्या हृदयामुळे नव्हे. शनिवारी ते गेलेच नाहीत. सांगायचंच नाही असं त्यांनी ठरवून टाकलं, आणि ठरवल्यावर त्यांना दुपारी छान झोप लागली, याची त्यांना नंतर फार लाज वाटली.

रविवारी पिशवी तरीही बरोबर होती. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या दिवशी तलवार आणायची पाळी डॉक्टरीणबाईंची होती. या दाताच्या डॉक्टर, मंडळात सगळ्यांत नव्या, आणि शिकायची भारी हौस. त्यांचा एक म्हातारा पेशंट घर आवरून मुलाकडे राहायला गेला, तेव्हा त्याने आपली आखूड तलवार त्यांना देऊन टाकली होती. सहीवर त्याच लोहाराचं नाव होतं.

"काका, परीक्षकांकडे पाठवायची म्हणते," त्या म्हणाल्या. "कारागीर पुढच्या आठवड्यात माझ्याकडे येतोच आहे. सही खोटी असेल तर काढूनच टाकू. तुम्ही सांगाल तसं."

काकांनी खुंटी काढली. मूठ धरलेल्या मनगटावर दुसऱ्या हाताने ठोकून पातं सैल केलं, मूठ उतरवली, कागद लावला आणि शाईची वडी फिरवायला लागले. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उमटत गेली. सगळे कागदाच्या घड्या दातांत धरून वाकून बघत होते. शेवटचा घाव उमटला. खाली रुंद, वर निमुळता.

पातं कापडाखाली झाकलं तशी भाऊजींनी तोंडातली घडी काढली. "अरे, हे तर माझ्यासारखंच! माझ्या तलवारीवर शेवटचा घाव असाच उलटा होता ना रे?"

"हो," काका म्हणाले.

"मग खोटीच की."

सगळे काकांकडे बघायला लागले. खरी म्हणावं तर भाऊजी आपल्या तलवारीचं विचारणार. खोटी म्हणावं तर पुढच्या आठवड्यात कानस. काकांनी ठसा उचलला, उजेडाकडे धरला, खाली ठेवला.

"खोटी," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "पण ते पेशंट आजोबा म्हणाले होते की सही खरी आहे. त्यांच्या वडिलांपासूनची आहे म्हणे."

भाऊजी खुर्चीत पुढे सरकले. आजारी पडल्यापासून ते सगळ्यांशी फार मायेने बोलत. "मनाला लावून घेऊ नका हो. मलाही असंच वाटलं होतं. एकदा काढून टाकली की बरं वाटतं. कारागीर यायचा दिवस मला सांगा, टॅक्सी करून मी येतो तुमच्याकडे, एकट्या नका बसू. आणि ह्याचा शब्द म्हणजे शब्द. नऊ वर्षांपूर्वी मी ह्याचं ऐकलं नसतं तर अजून त्या खोट्या सहीला डोक्यावर घेऊन नाचत बसलो असतो." मग म्हणाले, "फक्त एक करा. त्या आजोबांना तोडू नका. मी तोडलं त्या बाईला. लबाड होती, पण पत्रं छान लिहायची."

 हा माणूस आपल्यावर विश्वास ठेवून दुसऱ्याची सही मोडायला टॅक्सी करून निघाला आहे, ऑपरेशन झालेल्या छातीने, हे काकांना सहन होईना.

"नाही," ते म्हणाले. "थांबा. खरी आहे."

"काय खरी आहे?"

"सही. खरी आहे, काढू नका." त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं, चाळिसावं पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी पान धरून ठेवलं. उजवा हात लुळा पडला, डाव्या हाताने, खालून वर. काकांनी एकेका वाक्याचा अर्थ सांगितला.

भाऊजींनी चष्मा लावला. पाच ठसे एकेक करून पाहिले. त्यांना घाई नव्हती.

"म्हणजे माझीही खरी होती."

"हो, भाऊजी."

"हे पुस्तक तेव्हा कुठे होतं?"

"माझ्याकडे नव्हतं."

"ते कळलं. पण आहे हे माहीत होतं?"

ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "माहीत होतं."

"तू म्हणालास सगळी पाहिली."

"म्हणालो."

"आणि हे आलं कधी?"

"बुधवारी."

भाऊजींनी बोटांवर मोजलं नाही, पण ओठ हलले. "गुरुवारी आलास. शुक्रवारी आलास. पिशवी हीच होती." मग ते म्हणाले, "आणि आत्ता परत खोटी म्हणालास. ह्या बाईचीही घालवली असतीस."

"घाबरलो," काका म्हणाले. तो पंचाहत्तरीला आलेला माणूस शाळेतल्यासारखा उभा राहून रडायला लागला. कोणी पुढे झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी आपली तलवार गुंडाळली, आणि ठशाचा कागद काकांनी उचलायच्या आत घडी करून पर्समध्ये ठेवला.

भाऊजींचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "सहीचं काही नाही रे. लोखंडच ते. एक घाव इकडे काय नि तिकडे काय. पण तिला मी लबाड म्हणालो. नऊ वर्षं म्हणतोय. आत्ता, दोन मिनिटांपूर्वी पण म्हणालो. ती तिकडे वाट बघून गेली असेल. काय चुकलं आपलं, असा विचार करत गेली असेल."

"लिहून बघू," कोणीतरी हळू म्हणालं. "पत्ता असेल."

"नव्वदीची होती तेव्हाच," भाऊजी म्हणाले. त्यांनी पुस्तक मिटलं आणि मांडीवर ठेवून घेतलं. "तू येत जा. ताई आहे, तिचा भाऊ आहेस, तिला भेटायला येत जा. मागच्या दाराने ये, स्वयंपाकघरात बसा बोलत. इकडे हॉलमध्ये येऊ नकोस."

काकांनी ताईकडे पाहिलं. ताई नवऱ्याच्या गोळ्या आणायला आत निघून गेली.

पुढच्या रविवारी ते मागच्या दाराने आले. ताईने दार उघडलं, बस म्हणाली, आणि भाजी चिरायला लागली. हॉलमधून बोलण्याचा आवाज येत होता. आज कोणीतरी एक त्सुबा आणली होती, कडेला पोखरलेली, आणि ती गंजून तशी झाली की मुद्दाम तशी घडवली, यावर वाद चालला होता.

"पुस्तकात बघा ना," डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "हे काय, इथेच आहे."

पानं उलटल्याचा आवाज आला, पुढे, मग मागे. कोणालाच जपानी वाचता येत नव्हतं, ते चित्रांवरून शोधत होते. एकजण म्हणाला, गंजच आहे, घासून टाकू. भाऊजी म्हणाले, "नको. काही टाकू नका. राहू दे तसंच."

"मुद्दाम घडवलेली आहे," काका ताईला म्हणाले. "पान त्रेसष्ट. डावीकडचं, खालून दुसरं चित्र."

ताईने सुरी खाली ठेवली. क्षणभर तिने हॉलच्या दाराकडे पाहिलं. मग कप त्यांच्यापुढे सरकवला.

"चहा घे," ती म्हणाली. "गार होतोय."